ताईच्या बोटाला जड

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वि. वि. हे पत्र बाबांना नीट, थांबत थांबत वाचून दाखव. मागच्या वेळी तू रेल्वेच्या घोषणेसारखं वाचलंस अशी त्यांची तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना पत्र कानानेच वाचावं लागतं, तेव्हा कंटाळा करू नकोस.

बातमी अशी की आमच्या पियानोने अखेर हात टेकले. खुंट्या ज्या लाकडात बसतात ते आतून फाटलं आहे. सकाळी सूर लावून घ्यावेत आणि संध्याकाळची शिकवणी सुरू होईपर्यंत ते उतरलेले असावेत, असं चाललंय. त्या सुरांवर विद्यार्थ्यांचे कान तयार होतायत याचं मला जास्त वाईट वाटतं. हे म्हणाले, नवा घेऊन टाक, किती दिवस जुन्याची सेवा करणार. यांच्या तोंडून खर्चाचा विषय आपणहून निघाला, म्हणून मी तो लगेच पक्का करून टाकला.

पुलाजवळच्या दुकानात जाऊन आले. मालक पियानो ढकलतानासुद्धा गळ्यात टाय बांधून असतो, म्हणून मी त्याचं नाव टायवाले ठेवलंय. त्याच्याकडे तीन कारखान्यांचे उभे पियानो आहेत. एकाच्या झाकणाच्या आत सिंह कोरलेला, एकावर शिडाचं जहाज, आणि तिसऱ्यावर नावाच्या जागी तीन भावांच्या सह्या. पहिल्या दिवशी मी सिंहछापासमोर बसले. आवाज काय सांगू तुला! खालचं सप्तक असं भरून येतं की शेजारच्या खोलीतली माणसं बोलायची थांबावीत. पण पट्ट्या जड. पाच मिनिटांत माझी अनामिका आणि करंगळी रुसून बसल्या. टायवाले म्हणाला की नवा आहे, वापरून मोकळा होईल. सराव न करता आलेल्या विद्यार्थ्याकडे मी बघते तसं त्याच्याकडे बघितलं.

तर आता तुम्ही दोघं सांगा, यांतला कोणता घ्यावा. तू पियानो दुरुस्त करतोस आणि बाबांनी जन्मभर तेच केलं, मग मी टायवाल्याच्या भरवशावर का राहू? या महिन्यात नाही, पण उन्हाळ्याआधी पियानो घरात हवा. नाहीतर शिकवणी बंद ठेवावी लागेल, आणि शिकवणी बंद म्हणजे मी दिवसभर यांच्या मागे मागे फिरणार. यांची तरी दया कर.

बाबांना नमस्कार, माझ्या भावजयीला आशीर्वाद, आणि तुझ्या वाट्याला उरलेली सगळी माया.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचून घेतलं. पियानोचं लाकूड फाटलं तिथे ते हळहळले आणि तुझ्या टायवाल्यापाशी पोट धरून हसले. मग वर्कशॉपमधल्या त्यांच्या खुर्चीत सरसावून बसले आणि तीन कारखान्यांवर असं व्याख्यान दिलं की मला हातातलं काम ठेवावं लागलं.

सिंहछापवाले जुने आणि हट्टी. हातोडीवरचा फेल्ट घट्ट दाबलेला, पट्टी खोल जाणारी. ती थोडी जड असतेच, पण एवढी नसावी, असं बाबांचं मत. जहाजछाप मोठ्या कारखान्यातला. तिथे दिवसाकाठी ढिगाने पियानो निघतात आणि सगळे एका वळणाचे. पट्टी मध्यम, आवाज लख्ख, काहींना तो टोचतो. तीन भावांचा कारखाना अगदी लहान आहे. त्यांची पट्टी सगळ्यांत हलकी. बाबा म्हणाले, तिच्यावर माशी बसली तरी ती बोलेल. आवाज गोड पण लहान. त्यांचा सल्ला असा की आधी जहाजछाप वाजवून बघ.

पण निकाल शेवटी तुझ्याच बोटाचा. आमच्या वर्कशॉपात पट्टीचं वजन बघायची पितळी वजनं आहेत, ती कागद उडू नयेत म्हणून वापरली जातात. तुला आठवतं ना, तू शाळेतून आलीस की दप्तर खाली आणि बोट पट्टीवर. तू जड म्हणालीस की बाबा एक प्रश्न न विचारता पट्टी बाहेर काढायचे. तुझं लग्न झालं तेव्हा ते कितीतरी दिवस लोकांना सांगत होते की मुलगी गेली ती गेली, वर वर्कशॉपचा काटाही घेऊन गेली. आजही एखादं गिऱ्हाईक कुरकुरलं की ते मला विचारतात, ताई काय म्हणाली असती?

तेव्हा बिनधास्त नाक मुरड. टायवाल्याची भीड बाळगू नकोस. भावोजींना नमस्कार सांग, आणि आम्हां सगळ्यांवर आहे ती माया राहू दे.

तुझा,
धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वि. वि. जहाजछाप पाहिला. एकदा नाही, तीन शनिवार लागोपाठ. बाबांना सांग, त्यांचा सल्ला या वेळी फसला. तोही जड आहे. सिंहछापापेक्षा कमी, पण जडच. भरभर वाजवायच्या जागी माझी अनामिका ऑफिसात उशिरा येणाऱ्या कारकुनासारखी मागून येते, आणि करंगळीची पट्टी तर दाबली तरी कधी बोलते, कधी नाही. दुकानात एक कारागीर आहे, अबोल माणूस. त्याला सांगितलं तर तो माझ्या हाताकडे बघत राहिला. पट्टीकडे बघ म्हटलं, तर पुसून दाखवली.

मला वाटतं, दुकानातली हवाच दमट आहे. खिडक्या उघडत नाहीत, मग फेल्ट फुगणारच. तू त्या कारागिराशी बोल. तुझं तो ऐकेल.

बाकी घरात सगळं ठीक. ठीक म्हणजे, वस्तूंनी संप पुकारलाय असं हे म्हणतात. दाराचं कुलूप हट्टी झालंय, किल्ली फिरता फिरत नाही. यांना तेल घालायला सांगितलं, घातलं, तरी तेच. नवीन साबण इतका बुळबुळीत निघाला की माझ्या हातून दोन कप गेले. ते तुम्ही लग्नात दिलेल्या संचातले, म्हणून मला जास्त लागलं. बरण्यांची झाकणं आता हेच उघडून देतात आणि प्रत्येक वेळी पहिलवानासारखा दंड दाखवतात. या वयात यांना एवढंच कौतुक पुरतं.

मुख्य गोष्ट पियानोची. काल एका विद्यार्थिनीच्या आईने विचारलं, की ताई, मुलीचा सूर घरी वेगळा आणि इथे वेगळा का? मला मान खाली घालावी लागली. आता उशीर नको.

बाबांच्या खुर्चीला नवी गादी कर असं मागेच लिहिलं होतं. केलीस का? भावजयीला विचारते, तुझ्या उत्तरावर माझा विश्वास नाही. माया पातळ होऊ देऊ नका.

तुझी,
ताई


२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गादी झाली. तुझ्या भावजयीच्या हाताने झाली हे तू ओळखलंच असशील.

जहाजछाप जड हे ऐकून बाबांचा पारा चढला. त्यांनी मला समोर बसवून कारखान्याला पत्र सांगितलं. माझ्या मुलीच्या बोटाला जी पट्टी जड लागते ती जगातल्या कुठल्याही बोटाला जडच लागणार, तेव्हा आपल्या तपासनिसांना घरी बसवा, अशी त्याची सुरुवात. मी थोडं मवाळ करून लिहिलं. सही त्यांनी स्वतः चाचपडत केली. कारखान्याचं उत्तर चार ओळींचं आलं, की आमच्याकडे प्रत्येक पट्टी तपासूनच बाहेर पडते. बाबा म्हणाले, उद्दाम आहेत.

दुकानातल्या कारागिरालाही मी चांगलं फैलावर घेणारं पत्र पाठवलंय. फेल्ट फुगला असेल, मधली पिन घट्ट झाली असेल, काय काय तपासायचं ते सगळं लिहिलं. मुकाट्याने काम करेल अशी आशा.

आता तू वेळ न घालवता तीन भावांचा वाजव. आवाज लहान असला तरी तुझ्या खोलीला पुरेल. तो जड निघाला तर मी मिशी काढून टाकीन, आणि तू तर जाणतेस, मिशी काढली तर माझ्या तोंडावर बघण्यासारखं काही उरत नाही.

तुझं अक्षर या वेळी असं पायात पाय अडकल्यासारखं का? बाबांना दिसत नाही म्हणून वाचलीस. भावोजींच्या दंडांना आमचा नमस्कार, आणि तुझा हात आमच्या डोक्यावर असू दे.

तुझा,
धाकटा


११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वि. वि. थोडक्यात लिहिते. तीन भावांचा वाजवला. तोही जड आहे.

मी नीट पुन्हा पुन्हा बसून पाहिलं. डाव्या हाताला ठीक, उजव्याला जड. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तर पट्टीवर नुसती ठेवलेली राहतात. तूच सांग, तीन वेगवेगळ्या गावचे तीन कारखाने एकदम कसे बिघडतील?

बाबांना सांग की ताई विचार करतेय.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

चि. धाकटे बंधू यांस,
स. न. वि. वि.

माझं पत्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. जन्मभर पोस्टात लोकांची पत्रं वाटली, स्वतः मात्र कधी लिहिलं नाही, अशी तुमची ताई मला नेहमी टोचते. हे पत्र मुद्दाम वर्कशॉपच्या पत्त्यावर टाकलं आहे. बाबांना वाचून दाखवू नका.

त्या शनिवारी तीन भावांच्या पियानोवरून ती उठली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. दुकानातल्या कारागिराने मला बाजूला घेतलं. तुम्ही त्याला जे खरमरीत पत्र लिहिलं होतं ते त्याच्या खिशात होतं. त्याने ते मला दाखवलं नाही, नुसता खिशावर हात ठेवला. मग त्याने पितळी वजनं आणून तिन्ही पियानोंच्या पट्ट्यांवर माझ्यासमोर ठेवली. तिन्ही कारखाने बरोबर होते. तीन भावांची पट्टी तर इतक्या कमी वजनाला खाली गेली की मला वाटलं, त्याचाच हात लागला. तो म्हणाला, साहेब, पहिल्या शनिवारपासून मी बाईंचा हात बघतोय. एवढंच म्हणाला, आणि पियानो पुसायला लागला.

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. हाताच्या स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू एकेक करून काम सोडतायत. आधी उजवा हात, मग डावा, मग पुढे. औषध आहे, पण ते वेग कमी करण्याचं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच स्पष्ट सांगितलं. तिने शांतपणे विचारलं की पियानो घ्यायचा आहे, कोणत्या कंपनीचा घेऊ? डॉक्टरांना काही समजलं नाही. मला समजलं, आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

घरी आल्यावर मी कुलपाला पुन्हा तेल घालायला निघालो. ती म्हणाली, राहू द्या, कुलूप चांगलं आहे.

बाबांना यातलं काही समजू द्यायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे. तुम्हाला सांगू नका असं म्हणाली नाही, म्हणून लिहितो. पियानोतलं मला समजत नाही. तिच्यासाठी काही करता येण्यासारखं असेल तर ते तुम्हालाच ठाऊक. आमच्यावर लक्ष असू द्या.

आपला,
भावोजी


२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींनी लिहिलं. त्यांना रागावू नकोस.

तुझं तिसरं पत्र वाचलं तेव्हाच मला शंका आली होती, पण मी मनाला सांगितलं, तीन भावांच्या कारखान्यात नवा माणूस लागला असेल. आपल्या घरात शिक्षणच तसं झालं. पट्टी चुकेल, फेल्ट चुकेल, सगळे कारखाने मिळून चुकतील, पण ताईचं बोट चुकणार नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात पहिल्याच पत्रानंतर कुणीतरी विचारलं असतं, तुझा हात बरा आहे ना? आम्ही कारखान्याला पत्र लिहीत बसलो. त्या कारागिराची मी माफी मागितली आहे.

आता कामाचं. मी तिकडे येतो. तीन भावांचा घेऊ. त्याच्या पट्ट्यांमध्ये शिसं असतं, ते कमीजास्त करून आणि पिना मोकळ्या करून मी पट्टी अजून हलकी करून देतो. हाताचा जोर कमी झाला की पुन्हा येईन, पुन्हा हलकी करीन. दर ऋतूला येईन. एक गोष्ट तुझ्यापासून लपवून उपयोग नाही, तू ती पहिल्या दिवशीच पकडशील. पट्टीला एक हद्द असते. त्याखाली नेली की ती खाली जाते पण परत वर येत नाही, तशीच बसून राहते. पण त्या हद्दीपर्यंत बराच पल्ला आहे, ताई. तेवढा तरी आपण गाठू.

बाबांना मी तुझी पत्रं म्हणून मनाचंच काहीबाही वाचून दाखवतो. परवा तुझ्या नावाने टायवाल्याचा एक किस्सा रचला. ते हसले.

तू फक्त हो म्हण. बाकी काही लिहू नकोस, हाताला त्रास होईल.

तुझा,
धाकटा


१५ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वि. वि. हो म्हणत नाही.

वर्कशॉपच्या पत्त्यावर लिहितेय, कारण हे पत्र बाबांसाठी नाही. दोन दिवस लागले लिहायला, म्हणून अक्षराला हसू नकोस.

पट्टी खाली जाते पण वर येत नाही, हे वाक्य मी वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. तू खरं लिहिलंस, दुसरं काही लिहिलं असतंस तर मी तुझे कान उपटले असते. पण मला अशा वस्तूसमोर बसायचं नाही, जिला माझ्यासाठी दर ऋतूला थोडी थोडी अशक्त करावी लागेल. अशक्त होणारी मी एक आहे तेवढं पुरे.

मला राग कुणाचा येतो सांगू? त्या तीन भावांचा. डॉक्टरांचा नाही, देवाचा नाही. त्यांनी पियानो इतका चांगला का केला? थोडा वाईट केला असता, थोडा जड, तर मला अजून काही महिने त्यांना नावं ठेवता आली असती. त्या शनिवारी मी रस्त्यावर उभी होते ना, तेव्हा मला समजलं होतं. तारीख, रिपोर्ट हे सगळं नंतरचं.

तर असं ठरवलंय. पियानो घ्यायचा नाही. महिनाअखेरीला शिकवणी बंद. जुना पियानो कुणाला लाकडासाठी हवा असेल तर देऊन टाकू. विद्यार्थ्यांना दुसऱ्या बाई शोधून देईन. ज्या शिक्षिकेला एक ओळ वाजवून दाखवता येत नाही, तिने कुठल्या तोंडाने शिकवायचं? बाबांना सांग की तिन्ही कारखाने हल्ली बिघडलेत, चांगला माल येईपर्यंत ताईने विचार पुढे ढकललाय. ते मान डोलावतील. कारखाने बिघडलेत यावर त्यांचा चटकन विश्वास बसतो.

यांच्याशी मी नीट वागते, काळजी करू नकोस. हे रात्री माझ्या उजव्या हाताला तेल लावतात, न सांगता. कुलपाला लावत होते तेच बहुधा. हसलास तर बरं.

बाबांना सांभाळ.

तुझी,
ताई


३० मे

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र सूनबाईच्या हातचं आहे, शब्द माझे. तिला बजावलंय की मी सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. धाकट्याला यातलं ठाऊक नाही. तो बिचारा दर आठवड्याला तुझं म्हणून पत्र वाचतो, आणि मला पान उलटल्याचा आवाज येत नाही. डोळे गेलेत, कान जागेवर आहेत.

तीन भावांचा तुला जड लागला असं त्याने वाचलं, तेव्हाच मला समजलं. त्या पियानोला जड म्हणणारं बोट आजारीच असणार. ते तुझं नसावं म्हणून मी पुष्कळ वाटा शोधल्या. एकही सापडली नाही. मग सूनबाईकडून खरी पत्रं वाचून घेतली. ती रडत रडत वाचत होती, मी पुढे वाच म्हणत होतो. तिच्यावर रागावू नकोस, म्हाताऱ्यापुढे तिचं काय चालणार.

ताई, तू पियानो घ्यायचा नाही असं ठरवलंस ते मला मान्य नाही. माझी नजर गेली तेव्हा लोक म्हणाले होते, सवय होईल. अंधाराची सवय झाली. काम नसण्याची झाली नाही, अजून नाही. पहिलं वर्ष मी घरात बसून काढलं आणि तुझ्या भावाला, सूनबाईला, सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. नंतर धाकट्याने खुर्ची वर्कशॉपात नेली. आता मी बसल्या जागेवरून सांगतो, कोणती तार उतरली, कुठली हातोडी कडक झाली. माझ्या हातांनी केलेल्या कामाची सर त्याला नाही. हे मी तुला खोटं सांगणार नाही. पण सकाळी उठायला कारण असतं.

आता कोणता घ्यायचा ते ऐक. आपण आजवर पियानो निवडला तो वाजवणाऱ्याच्या बाजूने. पट्टी कशी, बोटाला कशी. तो हिशेब तुझ्यापुरता संपला. मला हे लिहायला सांगताना किती त्रास होतोय ते सूनबाई बघतेय. आता ऐकणाऱ्याच्या बाजूने निवड. तीन भावांचा वाजवणाऱ्यालाच गोड, चार पावलं मागे गेलं की त्याचा जीव संपतो. जहाजछाप कुठूनही टोचतो. सिंहछाप खोलीत पसरतो, खुर्चीत बसलेल्या माणसापर्यंत सगळाच्या सगळा पोचतो. पट्टी जड आहे, असू दे. विद्यार्थ्यांची बोटं तयार होतील. सिंहछाप घे, आणि तुझी खुर्ची भिंतीला लावू नकोस, खोलीच्या मध्ये ठेव.

आणखी एक. तुमची सगळी पत्रं ऐकली. लाकूड आहे, फेल्ट आहे, शिसं आहे, टायवाला आहे, सगळी थट्टा आहे. तू रडलीस असं एकातही नाही. तुझी आई गेली तेव्हाही तू घर आवरत होतीस. आता आवरू नकोस.

मी हात जोडून सांगत नाही, बाप म्हणून सांगतो. जावईबापूंना माझा आशीर्वाद, त्यांनी फार केलं.

तुझे,
बाबा


६ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर यांचं आहे, बोलणं माझं. मध्येच यांनी स्वतःचं काही घुसडलं तर तुम्हाला वाक्यरचनेवरून समजेल, पोस्टाच्या नोटिशीसारखं लिहितात.

तुमचं पत्र आलं, ते मी आठ-दहा दिवस रोज काढून वाचलं. मग टायवाल्याकडे निरोप पाठवला. गुरुवारी सिंहछाप घरी आला. हमालांनी दार बिजागऱ्यांवरून उतरवलं तेव्हा कुठे आत शिरला. दुकानातला तो अबोल कारागीर सोबत आला होता. खुर्ची कुठे ठेवायची हे त्याने मला विचारलं. मी सांगितलं, खोलीच्या मध्ये. धाकटा पुढच्या आठवड्यात सूर बघायला येतोय. त्याला आता सगळं ठाऊक आहे. मिशी अजून काढलेली नाही म्हणे.

शिकवणी बंद केली नाही. काहीजण गेले. ज्या राहिल्या त्यांत कोपऱ्यावरची बेकरीवाली आहे. पन्नाशीत शिकायला लागली, सकाळची भट्टी आटोपली की येते, बाह्यांना पीठ लागलेलं असतं. नव्या पियानोवर पहिली तीच बसली. पीठ मळून पोसलेले तिचे ते दंड बघून माझा इतका जळफळाट झाला की मला माझीच लाज वाटली. ती वाजवत होती आणि डाव्या हाताची एक ओळ सारखी बोजड येत होती. ती सहज म्हणाली, ताई, एकदा वाजवून दाखवा ना.

मी उठले. सवयीने उठले. डावा हात ठेवला. पट्टी अर्ध्यावर गेली आणि तिथेच राहिली, आवाज निघाला नाही. दोघी त्या पट्टीकडे बघत होतो. तिला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं की माझे हात आता वाजवणार नाहीत, मी सांगेन तसं तुला करावं लागेल. मग खुर्चीत येऊन बसले आणि सांगायला लागले. बाबा, जन्मभर जे क्षणात करून दाखवलं त्याला माझ्याकडे शब्दच नव्हते. मनगट असं म्हणायचं आणि पुढे गप्प. दमले, चिडले, तिच्यावरही चिडले. शेवटी कसंबसं सांगितलं, की हाताने दाबू नकोस, हात पडू दे, आणि पडल्यावर तिथे थांबू नकोस.

तिने केलं. खोली भरून गेली. तुम्ही म्हणाला होता तसा तो आवाज खुर्चीपर्यंत सगळाच्या सगळा आला, आणि तो माझ्या हातातून आलेला नव्हता.

मला रडू फुटलं. तिच्यासमोरच फुटलं, आवरलं नाही, आवरायला गेलेही नाही. ती घाबरली, तिने हात उचलले. मी रडत रडतच तिला म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, तीच ओळ पुन्हा घे.

तिने घेतली. बरोबर आली.

आपली,
ताई